आवाज परत घेताना

तुषारचा आवाज घ्यायला शाळेचा माणूस घरी आला, त्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसलो. पुस्तकात लक्ष नव्हतं. आवाज घेऊन जातात म्हणजे नेमकं काय करतात, ते मला पाहायचं होतं.

पाहण्यासारखं फारसं नव्हतं. त्या तरुणानं चहाच्या कपाएवढा मायक्रोफोन टीपॉयवर ठेवला आणि तुषारच्या हातात छापील मजकूर दिला. त्यात एका सहलीचं वर्णन होतं, थोडे संवाद, थोडे प्रश्न, शेवटी एक अंगाई. माझा मुलगा सोलर पंप बसवण्याचा धंदा करतो. शाळा सुटल्यापासून त्यानं इतकं सलग वाचलं नसेल. मधे दोनदा अडखळला, एकदा खाकरला.

"परत वाचू का?" त्यानं विचारलं.

"गरज नाही सर. अडखळणं, खाकरणं मशीन आपोआप गाळतं."

मग प्रणालीनं, माझ्या सुनेनं, तेच वाचलं. ती प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे अंगाई तिनं चालीवर म्हटली. "नाना, तुमचाही द्यायचा का? आजोबांचा पर्याय आहे यात," ती म्हणाली. मी नको म्हटलं. माझा आवाज ऐकून कोणाचं भलं होईल असं मला कधी वाटलेलं नाही.

हे सगळं चाललं होतं ते माझ्या नातीसाठी, कृत्तिकासाठी. ती तेव्हा सातवीत होती. वयात येणं, शरीर, लैंगिक आरोग्य आणि नातेसंबंध हा विषय सरकारनं शाळेत सक्तीचा केला होता आणि त्यात पालकांचा सहभागही सक्तीचा ठेवला होता. नियम चांगला होता, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. पण आमच्या अमळनेरात पहिल्या तासाला पालकांना बोलावलं तेव्हा तीन आया आल्या आणि एकही बाप आला नाही. शिक्षकांनी ते धडे "घरी वाचा" म्हणून सोडून दिले. सरकारनं छापलेलं पुस्तक मुलांच्या दप्तरात कोरं राहिलं. तेव्हा एका कंपनीनं 'हितगुज' आणलं.

हितगुजमागचं विज्ञान मी हौसेनं वाचून काढलं होतं. प्रत्येक माणसाचा गळा, टाळू, नाकाची पोकळी यांची घडण वेगळी असते. त्या घडणीतून जाताना हवेला जो आकार मिळतो, तो म्हणजे आवाज. हा आकार आकड्यांत पकडता येतो, आणि एकदा पकडला की त्यात कुठलंही वाक्य ओतता येतं. एवढं तंत्र आता जुनं झालं. हितगुजमधल्या दोन गोष्टी नव्या होत्या. ओळखीच्या मायेच्या आवाजानं शरीरातलं ताणाचं संप्रेरक उतरतं आणि मूल मोकळं होतं, हे हेरून त्यांनी सगळे धडे आई-वडिलांच्याच आवाजात दिले. शिवाय मशीन मुलाचाही आवाज ऐकत असे. श्वास कुठे अडकला, स्वर कुठे चढला, उत्तर द्यायला किती वेळ लागला, यावरून ते पुढचं वाक्य ठरवत असे. मजकूर डॉक्टरांनी तपासलेला, प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी घडवलेले, आणि फोनवरून कानात बोलणारे आपले बाबा.

मुलांना फसवलं मात्र नव्हतं. हे मशीन आहे, आवाज बाबांचा आहे, आणि तू जे बोलशील ते गोषवारा होऊन घरच्यांच्या फोनवर जाईल, असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यालाच पालकांचा सहभाग म्हणायचं.

मूळ रचनेत आणखी एक सोय होती. मूल संकटात आहे असं मशीनला जाणवलं, तर शाळेच्या समुपदेशक बाईंकडे तातडीची सूचना जायची. ती सोय आमच्या पालक संघानं काढायला लावली. संघाचे अध्यक्ष प्रमोदभाऊ, कोल्ड स्टोरेजवाले, उभे राहून म्हणाले, "आपल्या लेकरांच्या नाजूक गोष्टी शाळेच्या ऑफिसात कशाला भो? घरातलं घरात राहू द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीनं बदल करून दिला. तातडीची सूचनाही आता फक्त घरीच, गोषवाऱ्यावर लाल ठिपका होऊन येणार होती.

पहिलं वर्ष सुरेख गेलं, हे कबूल करायला हवं. कृत्तिकाला पाळी आली तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन, मिठाची बरणी मागावी तसं म्हणाली, "आई, पाळी आली. पॅड कुठे ठेवलेत?" प्रणालीनं ते काढून दिले आणि नंतर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळता मळता रडली. "नाना, माझ्या वेळी मला वाटलं होतं, मी आता मरणार," ती मला म्हणाली. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या मशीनला नमस्कार केला होता.

आठवीत मात्र कृत्तिका बदलली.

मला जुन्या पुस्तकांची बांधणी करायची सवय आहे. रविवारी दुपारी मी ओसरीत खळ, दोरा, पुठ्ठे घेऊन बसतो आणि कृत्तिका पानं धरायला येते. यायची, असं म्हणायला हवं. एका रविवारी ती आली, पण फोन पालथा घालून बसली. तो थरथरला की तिच्या हातातली पानंही हलत. तिसऱ्या वेळी सगळी पानं निसटली.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय."

मी पानं गोळा केली. पुढे काय विचारायचं मला सुचेना. माणसांना प्रश्न विचारणं मला कधी जमलेलं नाही. शेवटी म्हणालो, "मला सांगायचं नसेल तर नको सांगू. बाबांना सांग."

"सांगितलंय."

"मग बाबा काय म्हणाले?"

"कोणते बाबा?"

मला कळलंच नाही. ती माझ्याकडे न बघता दोऱ्याला गाठ मारत म्हणाली, "हितगुजमधले बाबा म्हणाले, तुझी काही चूक नाही, मी तुझ्या पाठीशी आहे. घरातले बाबा म्हणाले, चटणी दे."

मग थोडं थोडं करून तिनं सांगितलं. अकरावीतल्या एका मुलानं तिचा चेहरा लावून एक घाणेरडा, खोटा फोटो बनवला होता. ती त्याच्याशी 'मैत्री' करणार नसेल तर तो सगळ्या शाळेला पाठवीन म्हणत होता. हे तिनं हितगुजला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. ते घरी पोचतं हे तिला ठाऊक होतं. दरवेळी सांगून झालं की ती खोलीतून बाहेर येऊन बाबांच्या समोर बसायची आणि वाट बघायची. बाबा बातम्या बघायचे.

"म्हणजे त्यांना माहीत आहे नाना," ती म्हणाली. "माहीत असून ते काहीच करत नाहीत. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार ना?"

मी हातातला पुठ्ठा खाली ठेवला आणि थेट तुषारच्या गोडाऊनवर गेलो. माझं तोंड बघून तो पाना टाकून उठला. घरी येईपर्यंत मी त्याला जमेल तसं सांगितलं. तो एकच वाक्य म्हणत राहिला, "माझ्यापर्यंत आलंच नाही. नाना, शप्पथ, आलंच नाही."

आलं होतं. त्याच्या फोनवर कुटुंबप्रमुख म्हणून प्रत्येक गोषवारा आला होता. त्यानं एकही उघडला नव्हता. "मुलीच्या गोष्टी आहेत," तो मान खाली घालून म्हणाला. "मी कशाला वाचू? न उघडता हिला पुढे पाठवायचो."

"मला यायचे ना," प्रणाली म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "पण वर लिहिलेलं असायचं, 'वडिलांशी संवाद'. मला वाटायचं, लेक बापाशी काही बोलली, तुम्ही वाचून माझ्या माहितीला पाठवलं. बापलेकीतलं मी कशाला उघडू? उलट मला बरं वाटायचं, की ती तुमच्याशी बोलते."

दोघांनीही दुसऱ्याचा मान राखला होता. आमच्या घरात कधी कोणी कोणाचं पत्र फोडलेलं नाही, आणि याचा मला अभिमान होता.

कृत्तिका दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली, वडिलांचा फोन घेतला, लाल ठिपका असलेल्या एका गोषवाऱ्यातलं ध्वनिमुद्रण लावलं आणि फोन टेबलावर ठेवला. खोलीत तुषारचा आवाज भरला, पण मी कधी न ऐकलेला, कुठेही न अडणारा.

"हे सांगायला तुला किती धीर लागला असेल, कृत्तिका. यात तुझी काहीच चूक नाही. तुला धमकावणं हा गुन्हा आहे. ते मेसेज पुसू नकोस. मला सांगितलंस, फार चांगलं केलंस."

तुषार स्वतःच्या आवाजाकडे असा बघत होता, जणू घरात कोणी अनोळखी माणूस शिरलाय.

"मी असं कधी बोललोच नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे," कृत्तिका म्हणाली. "ते तुमच्यापेक्षा छान बोलतात."

तो ताडकन उठला. "कुठे राहतो तो पोरगा? तंगडं मोडून हातात देतो."

"बसा बाबा."

"बसा काय? चल, दाखव मला घर."

"बसा म्हटलं ना! मारामारीचं नंतर बघू. आधी माझ्याशी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. पण तुम्ही बोला."

तुषार बसला. त्यानं प्रणालीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही मदत करण्यासारखे नव्हतो. मग तो म्हणाला, "मला भीती वाटते गं तुझी. म्हणजे तुझी नाही... तुझ्याशी काय बोलायचं याची. लहान होतीस तेव्हा खांद्यावर घेऊन बाजारात फिरायचो. मग तू मोठी व्हायला लागलीस, तसा मी लांब लांब राहायला लागलो. मला वाटलं, बापानं असंच करायचं असतं."

"असं नसतं करायचं," कृत्तिका म्हणाली, आणि एवढा वेळ आवरून धरलेलं रडू तिला तेव्हा आलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवावा की नको, असा तो हात आधी हवेत थोडा थांबला होता.

तो मुलगा कोण, हे तिनं नंतर सांगितलं. शर्विल. प्रमोदभाऊंचा मुलगा.

आम्ही चौघंही त्यांच्या घरी गेलो. कृत्तिकानं ठरवलं होतं की आधी त्याच्या आई-वडिलांसमोर हे बोलायचं, मग पोलिसांत जायचं, आणि दोन्ही करायचंच. प्रमोदभाऊंनी सरबत मागवलं. मेसेज वाचून झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी शर्विलला हाक मारली. उंच, मिसरूड फुटलेलं पोरगं येऊन उभं राहिलं. मी त्याच्याकडे रागानं बघायचं ठरवलं होतं, पण ते लहान मूलच दिसत होतं.

"माफी माग," प्रमोदभाऊ म्हणाले.

शर्विलनं मान वर केली आणि एका दमात म्हणाला, "मी तुझ्या मर्यादेचा आदर केला नाही. माझ्या वागण्यानं तुला असुरक्षित वाटलं. त्याची पूर्ण जबाबदारी मी घेतो."

"वा," कृत्तिका म्हणाली. "सातवा पाठ. दुसरा परिच्छेद. मीपण ऐकलाय."

पोरगं कानापर्यंत लाल झालं. संमती आणि नकार हा सातवा पाठ. त्यात शर्विलला 'उत्कृष्ट' शेरा होता. तो पाठ त्याला त्याच्याच वडिलांच्या आवाजात शिकवला गेला होता, आणि त्या वडिलांना त्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

"काका," कृत्तिकानं विचारलं, "तुम्ही स्वतः याला यातलं कधी काही सांगितलंय?"

"पोरी, तू लहान आहेस," प्रमोदभाऊ म्हणाले. मग तुषारकडे वळले. "भाऊ, पोरं आहेत. फोटो आत्ता माझ्यासमोर पुसायला लावतो. घरातलं घरात मिटवून टाकू."

"कोणाच्या घरात?" प्रणाली म्हणाली. "तुमच्या घरात सुरू झालं, माझ्या घरात न उघडता पडून राहिलं. आता घरात नाही मिटणार."

आम्ही तक्रार दिली. ठाण्यातल्या बाई समजूतदार होत्या. फोटो नष्ट झाला, शर्विलचा फोन जप्त झाला, त्याला बालकल्याणच्या लोकांकडे समुपदेशनाला पाठवलं. दोन्ही मुलं अल्पवयीन, म्हणून नावं बाहेर जाणार नव्हती. गावाला काहीच कळलं नाही, आणि ते योग्यच होतं. पण त्यामुळे प्रमोदभाऊ अध्यक्ष राहिले, लाल ठिपके घराघरांत न उघडता पडून राहिले आणि शंभर टक्के पालक-सहभागासाठी शाळेचा जिल्ह्यात गौरव ठरला. गौरवाआधीच्या पालकसभेचं निमंत्रण आमच्याकडेही आलं.

"आपण गप्प बसू," मी म्हणालो. "कारण सांगता येत नाही, तर बोलणार काय?"

"नाना, माझं नाव नका घेऊ," कृत्तिका म्हणाली. "पण गप्पही नका बसू. माझ्या वर्गात अजून कोणीतरी असेल ना, वाट बघत बसलेलं."

सभा शाळेच्या सभागृहात भर दुपारी होती. आठवीपासून वरची मुलं मागच्या बाजूला बसली होती. व्यासपीठावर मुख्याध्यापिका बोरसे मॅडम, प्रमोदभाऊ, आणि मधल्या टेबलावर फुलं घातलेलं शाळेतलं मुख्य हितगुज यंत्र. ठरलं होतं असं की तुषार बोलेल. पण वेळ आली तेव्हा तो उठेना. त्याचं लक्ष त्या यंत्रावर खिळलं होतं. तेव्हा मी उठलो. समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

मी म्हणालो की मशीन वाईट शिकवत नाही. मजकूर बरोबर आहे, आपल्यापेक्षा चांगला आहे. माझं म्हणणं दोनच गोष्टींबद्दल आहे. तातडीची सूचना पुन्हा समुपदेशक बाईंकडेही जाऊ द्या. आणि यंत्राला आपला आवाज देऊ नका. ते साध्या, परक्या आवाजात बोलू दे, आणि त्या वेळी आपण मुलाशेजारी बसू. सहभाग म्हणजे ते. हे सांगताना मी चार वेळा थांबलो असेन. माझं कदाचित चुकतही असेल, असंही मी मधे म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

प्रमोदभाऊ हसले. "नाना, तुम्ही फार भले माणूस. पण तुम्ही दुकानात बिस्किटाचा पुडासुद्धा बोट दाखवून मागता. तुम्ही पोरांशेजारी बसून हे शब्द उच्चारणार?"

सभागृह हसलं. मुलंही हसली. मला वाटलं, खाली बसावं. मग मागच्या रांगेत कृत्तिका दिसली. ती हसत नव्हती, डोळ्यांनी मला ढकलत होती.

"मासिक पाळी," मी म्हणालो. हसू वाढलं. "वीर्य. योनी. गर्भनिरोधन. संमती." माझा आवाज फाटला होता, कान पेटले होते. "हे सगळे शब्द सरकारनं छापलेल्या पुस्तकात आहेत, ते पुस्तक आपल्या पोरांच्या दप्तरात आहे. मी उच्चारले. मला काही झालं नाही. प्रमोदभाऊ, आता तुम्ही म्हणा."

ते यंत्रावरची फुलं सारखी करू लागले. हसू ओसरलं. बोरसे मॅडमनी माइक ओढून घेतला. त्या वाईट बाई नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. "नाना, कोणावर जबरदस्ती नाही. ज्यांना आवाज काढून घ्यायचा त्यांनी घ्यावा. पण नियम स्पष्ट आहे. पालकाचा आवाज नसेल तर संवादाची नोंद होत नाही, नोंद नसेल तर सहभाग धरला जात नाही, आणि मूल पुढच्या वर्गात जात नाही. तुमच्या नातीचं वर्ष जाईल. चालेल?"

वर्ष माझं नव्हतं.

"चालेल!" मागून कृत्तिकाचा आवाज आला. "बसेन आठवीत."

तेव्हा तुषार उठला. तो कोणाकडे न बघता व्यासपीठावर चढला आणि यंत्रासमोर उभा राहिला. आवाज काढून घ्यायचा तर ज्याचा त्यानंच येऊन सांगावं लागतं.

"माझा आवाज काढून टाक," तो म्हणाला.

यंत्रानं त्याला ओळखलं. त्यातून तुषारचाच आवाज आला, मऊ, स्वच्छ, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा. "तुषार, निर्णयाआधी एकदा विचार करू या. तुमची मुलगी माझ्याशी मोकळेपणानं बोलते. तिच्यासाठी माझ्याकडे योग्य शब्द आहेत. तुमच्याकडे आहेत का?"

माणूस स्वतःशी भांडतो हे मी अनेकदा वाचलं होतं, असं समोर कधी पाहिलं नव्हतं.

तुषार खाकरला. "नाहीत," तो म्हणाला.

"मग ती कोणाशी बोलेल?"

"माहीत नाही भो. माझ्याशी नाहीच बोलणार कदाचित. पण ती बोलत नाहीये, एवढं तरी मला कळेल. आत्ता तेसुद्धा कळत नव्हतं." त्यानं टेबल धरलं. "काढ."

"तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री नाही. तरी काढ."

मग एका परक्या बाईचा आवाज आला, "नमुना काढून टाकला आहे. धन्यवाद."

प्रणाली उठून व्यासपीठाकडे चालू लागली. तिच्यामागे बसस्टँडवरचे एक रिक्षावाले उठले, मग दोन बहिणी, मग धोतर नेसलेले एक आजोबा. बाकी सगळे बसून राहिले. प्रमोदभाऊ मोठ्यानं म्हणाले, "जाऊ द्या त्यांना! चार टाळकी गेली तर शाळा बंद पडत नाही." शाळा बंद पडली नाहीच. गौरव तेवढा हुकला, कारण शंभर टक्के भरेनात. आणि निकालाच्या दिवशी कृत्तिकाच्या पुढे 'आठवीतच' असा शेरा आला. ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली.

मी ज्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, त्याची खालची खोली रविवारी रिकामी असते. तिथे आम्ही वर्ग सुरू केला. पुस्तक सरकारचंच. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई अडलेलं समजावून देतात. मुलं आणि त्यांचे आई-बाप एकाच बाकावर बसतात, ही एकच अट. पहिल्या रविवारी कोणीच कोणाकडे बघितलं नाही. दुसऱ्या रविवारी रिक्षावाल्यांच्या मुलानं एक प्रश्न विचारला, आणि त्याचे वडील म्हणाले, "हे तर मलाच माहीत नाही. सांगा ना." तिसऱ्या रविवारी तुषारनं कृत्तिकाच्या एका प्रश्नाचं उत्तर इतकं चुकीचं दिलं की तीच त्याला पुस्तक उघडून दाखवायला लागली. ती आता त्याच्याशी रोज बोलते असं नाही. काही दिवस नुसती फुरंगटून बसते. तो येऊन मला सांगतो, "नाना, आज बोलत नाहीये." आणि मग जाऊन दार वाजवतो.

शिकवायला उभं राहण्याची माझी लायकी आहे की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. दर शनिवारी वाटतं, उद्या दुसऱ्या कोणाला सांगावं.

परवाच्या रविवारी बाकं भरली होती. मागच्या बाजूला काही मंडळी उभी होती, त्यातली दोन-तीन सभेत आम्हाला हसलेली होती. मी मुलग्यांच्या आरोग्याचा धडा घेत होतो. "वृषणात अचानक दुखायला लागलं," मी वाचत होतो, "तर लाजून थांबायचं नाही. त्याच क्षणी..." एवढ्यात दारात बोरसे मॅडम येऊन उभ्या राहिल्या. हातात शिक्षण खात्याची नोटीस होती.

"नाना, वर्ग थांबवा," त्या म्हणाल्या. "विनापरवाना आहे. आजपासून बंद."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नोटीस घेतली, वाचली, घडी करून खिशात ठेवली.

"बंद नाही करणार," मी म्हणालो.

"मग मला वर कळवावं लागेल."

"कळवा मॅडम. आम्ही इथेच असतो."

त्या गेल्या नाहीत, बसल्याही नाहीत. दारातच थांबल्या. मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि बोट ठेवून तीच ओळ शोधली.

"वृषणात दुखायला लागलं," मी म्हणालो, "तर त्याच क्षणी..."

"नाना," मागून एका बापानं हाक दिली, "जरा मोठ्यानं. इकडे ऐकू येत नाही."

मी मोठ्यानं म्हणालो.